कुशाभाऊ साळिंदरांचा मुका सर्व्हर

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांकडे फोटो होते.

झाडं, ओढा, डोंगर हे तर होतंच. ते कुठल्याही जंगलात असतं. पण या जंगलात बिळाबिळात आणि ढोलीढोलीत फोटो काढायची सोय झाली होती, आणि जनावरं दिवसभर फोटो काढत. हरणं पळताना स्वतःचे काढत. अस्वल मधाच्या पोळ्याचा काढी, मग मध खाई, मग रिकाम्या पोळ्याचा काढी.

एवढे फोटो ठेवायचे कुठे? उत्तरेच्या कड्यावर गिधाडांचं एक कुटुंब राहत होतं. त्या कड्याला एक ढग कायमचा अडकलेला होता. गिधाडं म्हणाली, द्या इकडे, आम्ही ढगात ठेवतो. सगळ्यांनी दिले. ढगाच्या आत काय आहे ते कोणी वर जाऊन पाहिलं नाही. वर जायला वाटच नव्हती.

ओढ्याजवळच्या टेकडीत कुशाभाऊ नावाचे एक साळिंदर आपल्या बायकोबरोबर राहत होते. बायकोचं नाव वेणूताई. त्यांना एकच मुलगी, बकुळा. ती मोठी झाली आणि नदीपलीकडच्या रानात संसार थाटून राहिली. नदी रुंद होती, त्यामुळे तिचं येणं वर्षातून एकदा. मग वेणूताईंनी एक नेम धरला होता. रोज संध्याकाळी झोपेतून उठल्या की त्या ढगातून बकुळेचा एक फोटो मागवत. साळिंदरं दिवसा झोपतात आणि संध्याकाळी उठतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता झालं.

फोटो नऊ हजार होते. बकुळेचा गळलेला प्रत्येक काटासुद्धा कुशाभाऊंनी टिपून ठेवला होता. पण वेणूताईंचा लाडका फोटो एकच. त्यात बकुळा दोन वर्षांची होती आणि तिच्या नाकावर चिखल होता.

एक दिवस एका गिधाडाने टेकडीवर पत्रक टाकलं. त्यात लिहिलं होतं, ‘येत्या पौर्णिमेला चंद्र उगवताच ढग मोकळा करण्यात येईल. ज्याचं त्याने आधी उतरवून घ्यावं. तक्रार असल्यास कड्यावर समक्ष आणून द्यावी.’

पौर्णिमेला पंचवीस दिवस होते.

त्या दिवशी वेणूताईंनी एकामागून एक सतरा फोटो मागवले. ते पाहून कुशाभाऊंनी ठरवलं, की आता सर्व्हर घरातच ठेवायचा.

सर्व्हर म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. सर्व्हर म्हणजे कधीही बंद न होणारा संगणक. त्याने सगळं जपून ठेवायचं, आणि ज्याला जे हवं ते, मागेल तेव्हा द्यायचं. तुमच्या घरी हे काम आई करत असेल. फरक एवढाच, की सर्व्हरला मधून मधून कोणीतरी विचारतं, की बाबा, तू ठीक आहेस ना.

वेणूताईंनी होकार दिला, पण तीन अटी घातल्या. एक, तो कोनाड्यात मावला पाहिजे, आणि कोनाड्यातली कंदांच्या लोणच्याची बरणी तिथून हलणार नाही. दुसरी अट विजेची. या टेकडीला ओढ्यावरच्या पाणचक्कीतून वीज मिळे. चक्की सांभाळायची गोदाक्का नावाची पाणमांजर. वीज काजव्यांत मोजायचे, आणि प्रत्येक बिळाला बारा काजव्यांइतकी वीज ठरलेली होती. त्यातले दहा स्वयंपाकाला आणि दिव्याला लागत. उरले दोन. सर्व्हरने दोन काजव्यांत भागवलं पाहिजे.

तिसरी अट आवाजाची. आवाज अजिबात नको.

ही अट कुशाभाऊंच्याच भल्याची होती. साळिंदर झोपेत दचकलं की त्याचे काटे आपोआप उभे राहतात. वेणूताईंची झोप फार सावध. आणि कुशाभाऊ त्यांच्या शेजारीच झोपत. बावीस वर्षांच्या संसारात जंगलात कुठेही फांदी मोडली, की पाठोपाठ कुशाभाऊंचं ओरडणं ऐकू यायचं.

आता वेणूताईंना एक भाऊ होता. त्याचं नाव सदानंद. तो वनराजांच्या दरबारात अडगळीच्या गुहेवर देखरेख करायचा, आणि दरबारात नोकरी असल्यामुळे त्याला सगळ्या विषयांतलं कळायचं. त्याने सांगितलं, की दरबाराचं जुनं यंत्र गुहेत धूळ खात पडलंय, ते घ्या. सबंध राज्याचा कारभार त्यावर चालायचा. नऊ हजार फोटो त्याच्या दाढेलासुद्धा पुरायचे नाहीत.

कुशाभाऊंनी अटी सांगितल्या. सदानंद म्हणाला, “दाजी, घ्यायचं तर मोठं घ्यावं. पुढे लागतं.”

पुढे म्हणजे कधी आणि कशाला, हे कुशाभाऊंनी विचारलं नाही. असं म्हटलं की कोणीच विचारत नाही.

यंत्र चार रानगव्यांनी ओढून आणलं. ते आत जाईना, म्हणून बिळाचं तोंड रुंद केलं. तरी जाईना, म्हणून छप्पर थोडं वर ढकललं. मग ते बसलं, आणि स्वयंपाकघर बाहेर आलं. यंत्रात चौदा पंखे होते. भर दुपारी सदानंदाने कळ दाबली.

पहिला पंखा सुरू झाला तेव्हा बिळातला पालापाचोळा उडाला. चौथा सुरू झाला तेव्हा बरणीवरचं फडकं उडालं. नववा सुरू झाला तेव्हा शेजारच्या सशाला वादळ आलं असं वाटलं आणि तो बायकामुलांना घेऊन दुसऱ्या डोंगरावर राहायला गेला. चौदावा सुरू झाला त्या वेळी कुशाभाऊ वेणूताईंच्या कानाशी वाकून सांगत होते, की थोड्या दिवसांनी सवय होईल.

वेणूताईंचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

त्याच क्षणी टेकडीवरचे सगळे दिवे गेले. यंत्राने चारशे काजव्यांची वीज ओढली होती, आणि पाणचक्की जागच्या जागी थांबून उलटी फिरू लागली होती. थोड्या वेळाने गोदाक्का ओलेत्या अंगाने टेकडी चढून आल्या आणि हे कोणी केलं एवढंच त्यांनी विचारलं. कोणी बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. कुशाभाऊंच्या अंगात स्वतःचे काटे होतेच, शिवाय बायकोचे एक्केचाळीस होते, आणि ते उलट्या दिशेने होते.

यंत्र परत गेलं. ते परत नेताना बिळाचं तोंड आणखी रुंद झालं.

आता कुशाभाऊंनी ठरवलं, की नीट अभ्यास करून निवडायचं. पाठीवर निजता येत नव्हतं, म्हणून ते पोटावर निजून वाचू लागले. या विषयावर लिहिणारे जंगलात पुष्कळ होते. एक म्हणे, पंखा मोठा असावा म्हणजे तो हळू फिरतो. दुसरा म्हणे, पंखा नसावाच. तिसरा म्हणे, ज्याने असा प्रश्न विचारला त्याला यातलं काही कळत नाही. कुशाभाऊंनी सागाच्या पानांवर तक्ते केले. कोणतं यंत्र किती काजवे खातं, किती कुरकुरतं, किती तापतं. सागाची पानं संपली तेव्हा ते पळसाच्या पानांकडे वळले.

असे बारा दिवस गेले. वेणूताईंनी विचारलं, “अहो, तुम्ही निवडताय की नुसतं वाचताय?”

त्यांचा आवाज जरासा ओला होता. त्या नेहमीसारखा फोटो मागवायला बसल्या होत्या, आणि आज कड्यावरून फोटो यायला फार वेळ लागत होता.

कुशाभाऊ उठले आणि ओढ्याकाठच्या दामूअण्णांकडे गेले. दामूअण्णा म्हणजे कासव. लहानसहान यंत्रं जुळवून देण्याचं त्यांचं काम होतं. कुशाभाऊंनी त्यांच्यापुढे एकशे सहा पानं पसरली. दामूअण्णांनी ती बाजूला सारली.

“पंखा कशाला लागतो?” त्यांनी विचारलं.

“यंत्र गरम होतं म्हणून.”

“गरम का होतं?”

“घाई करतं म्हणून.”

“मग तुमच्या घरी घाई कोणाला आहे?”

कुशाभाऊंनी विचार केला. घरी दोन म्हातारी साळिंदरं, रोज एक फोटो. घाई कोणालाच नव्हती.

दामूअण्णांनी फळीवरून एक डबी काढली. ती अर्ध्या विटेएवढी होती. तिला पंखा नव्हता. आत गरगर फिरणारी तबकडीही नव्हती, त्यामुळे खरखर नाही. वरच्या धातूला पन्हाळीसारख्या पट्ट्या होत्या, त्यातून ऊब आपोआप निघून जायची. डबी दोन काजव्यांवर चाले. तिला दिवासुद्धा नव्हता, कारण चालू असलेल्या वस्तूने आपण चालू आहोत असं सांगत सुटणं दामूअण्णांना आवडत नसे.

ढगातलं सगळं उतरवायला सहा दिवस लागतील, असं त्यांनी सांगितलं. तोवर तिला हात लावू नका, काही मागू नका. संथ आहे, पण पोचते. मी स्वतः असाच चाललोय आणि मला एकशे चाळीसावं आहे, असंही ते म्हणाले.

पौर्णिमेला नऊ दिवस होते. कुशाभाऊंनी डबी कोनाड्यात बरणीशेजारी ठेवली, तार जोडली, आणि उतरवणं सुरू केलं. काहीही ऐकू आलं नाही.

शेजारीपाजारी बघायला आले. मुंगसाने कान लावला आणि ही बंद आहे असं सांगितलं. खार म्हणाली, हे झाकण आहे, यंत्र मागाहून येणार असेल. वेणूताईंनासुद्धा मनातून तसंच वाटत होतं, पण कुशाभाऊंच्या अंगातले काटे अजून पुरते निघाले नव्हते, म्हणून त्या गप्प राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सदानंद बहिणीकडे राहायला आला. त्याने काटे सरळ करायचं विजेचं यंत्र बरोबर आणलं होतं, कारण दरबारात वाकडे काटे चालत नसत. त्याला तार लावायला जागा हवी होती. कोनाड्यात एक डबी दिसली. ती काहीच करत नव्हती. त्याने तिची तार काढून आपली लावली, काटे सरळ केले, आणि आपली तार तशीच ठेवली.

डबी आधीही गप्प होती आणि नंतरही गप्पच राहिली. कोणाला काही कळलं नाही.

तीन दिवसांनी बरणीतून लोणचं काढताना कुशाभाऊंचा हात डबीला लागला. ती ओढ्यातल्या गोट्यासारखी गार होती. त्यांनी तारेचा माग काढला, तर तिच्या जागी सदानंदाची तार होती. ते तसेच दामूअण्णांकडे धावले. दामूअण्णांनी हिशेब केला. दोन दिवसांचं काम झालं होतं. चार दिवसांचं उरलं होतं. आणि पौर्णिमेला चारच दिवस होते.

तार पुन्हा लागली. पण आता कुशाभाऊंना विश्वास वाटेना. आत काही चाललंय हे कळायचं कसं? ते डबीवर पंजा ठेवून बसले. बसल्या बसल्या झोप लागली. उठून पाहिलं तर पंजा बरणीवर होता.

बिळाच्या भेगेत एक रातकिडा राहत असे. नाव अनंतराव किरकिरे. साधा, मितभाषी प्राणी. रातकिडा आणि मितभाषी कसा, असं विचारू नका, गायचा तेवढाच गायचा. तो स्वतःहून पुढे आला. त्याने सांगितलं, की गेल्या आठवड्यात दोन दिवस या डबीवर छान ऊब होती आणि आपण तिच्यावर बसून स्वतःपुरतं, अगदी हलक्या आवाजात गात होतो. मग ऊब गेली आणि गाणंही गेलं. बिळात काळोख असल्यामुळे आपल्याला दिवस आणि रात्र सारखेच.

कुशाभाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी विचारलं, की चार दिवस या डबीवर बसाल का?

“बसेन की,” किरकिरे म्हणाले. “ऊब असली की मी गातो, नसली की गाता येत नाही. यात माझं कौशल्य काही नाही. हा देहधर्म आहे.”

बाळांनो, हे वाक्य त्यांनी आयुष्यात एकदाच उच्चारलं.

ते डबीवर बसले आणि गाऊ लागले. किर्र, किर्र, किर्र. वेणूताईंची तिसरी अट मोडली होती. पण एक चमत्कार झाला. आवाज एकसारखा असल्यामुळे त्या दचकल्याच नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं. चालू आहे, चालू आहे, चालू आहे, असं त्यांना ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना इतकी गाढ झोप लागली, की कुशाभाऊंना काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाणं थांबलं.

त्या शांततेने वेणूताई दचकल्या. काटे उभे राहिले. कुशाभाऊ अकरा काटे घेऊन कोनाड्याकडे धावले. तिथे सदानंद तार हातात धरून उभा होता आणि सांगत होता, की फक्त शेपटीकडचे राहिलेत, पाच मिनिटांचं काम आहे. किरकिरे गार होत चाललेल्या डबीवर तोंड मिटून बसले होते.

वेणूताई मागोमाग आल्या. भावाला त्या कधी वाकडं बोलत नसत. त्यांनी तार त्याच्या हातून घेतली, जागेवर लावली, त्याचं यंत्र त्याच्या बगलेत दिलं आणि म्हणाल्या, “सदानंद, तुझे काटे वाकडेच बरे दिसतात. घरी जा.”

तो गेला. किर्र पुन्हा सुरू झालं.

पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी, चंद्र उगवायला घटकाभर असताना, शेवटचा फोटो उतरला. थोड्याच वेळात उत्तरेच्या कड्यावरचा ढग फिकट झाला आणि विरून गेला. अस्वलाच्या रिकाम्या पोळ्यांचे सगळे फोटो त्याच्याबरोबर गेले. वेणूताईंनी कोनाड्याकडे पाहत हळूच एक फोटो मागितला. तो लगेच आला. दोन वर्षांची बकुळा, नाकावर चिखल. वेणूताईंनी तो बराच वेळ पाहिला, आणि मग कोणाला दिसणार नाही अशा बेताने त्या डबीवर एकदा हात फिरवला. डबी कोमट होती.

इथे एखादी शहाणी गोष्ट संपली असती.

पण दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर गर्दी होऊ लागली. उतरवून ठेवायला कोणाकडेच जागा नव्हती, त्यामुळे सगळ्या जंगलाचे फोटो गेले होते आणि एकट्या कुशाभाऊंचे राहिले होते. लोक येऊन कान देत आणि थक्क होत. काय जोरात चालतोय सर्व्हर, असं म्हणत. कुशाभाऊ समजावून सांगत, की सर्व्हर ती खालची डबी, वरचे किरकिरे फक्त ऊब खातात. लोकांना तो त्यांचा विनय वाटे.

किरकिऱ्यांनी आधी दोनदा खुलासा केला. तिसऱ्यांदा नुसती मान हलवली. आठवडाभराने ते पाहुण्यांना सांगू लागले, की नऊ हजार फोटो छातीवर घेऊन बसणं सोपं नसतं. पंधरवड्याने त्यांनी ‘माझी कार्यपद्धती’ या विषयावर खारींपुढे भाषण केलं.

बातमी दरबारात गेली. वनराजांचेही फोटो ढगात होते. त्यांतल्या एकात त्यांची आयाळ फार उठून दिसत होती, आणि तोही गेला होता. त्यांनी पाहणीसाठी समिती पाठवली. समितीचा प्रमुख कोल्हा होता. त्याने कोनाड्यासमोर उभं राहून डोळे मिटून ऐकलं. मग किरकिऱ्यांच्या गळ्यात हार घातला. हार किरकिऱ्यांपेक्षा बराच मोठा होता, त्यामुळे सत्कारमूर्ती काही वेळ दिसेनाशी झाली.

कुशाभाऊ पुढे झाले आणि त्यांनी डबीबद्दल सांगायला सुरुवात केली. पंखा नाही, तबकडी नाही, फक्त दोन काजवे.

कोल्ह्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ती जरा बाजूला घेता का? फोटोत मध्ये येतेय.”

किरकिरे दरबारात गेले. राज्याच्या सर्व्हर खात्याचे ते प्रमुख झाले. एकाच्या गाण्याने एवढं काम होतं तर राज्याला किती लागतील, याचा हिशेब झाला आणि चाळीस रातकिडे नेमले गेले. त्यांच्यासाठी उंच संगमरवरी चौथरा बांधला. खालची यंत्रं मागाहून बसवायची होती, पण रातकिडे बसल्यावर तिथे जागा उरली नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. चौथऱ्यावर यंत्र नाही, पण कोणाच्या ते लक्षात आलेलं नाही. रातकिड्यांना ऊब मिळावी म्हणून चौथऱ्याखाली शेकोटी पेटवतात, आणि ते फार तन्मयतेने गातात. कोणी आपलं काही मागायला आलं, तर कोल्हा त्याला चौथऱ्यापाशी नेतो आणि म्हणतो, “काम चालू आहे. ऐकू येत नाही का?” ऐकू तर येतंच. मागणारा समाधानाने परत जातो.

इकडे टेकडीवर किरकिरे गेल्यावर बिळात शांतता झाली. मुंगूस विचारायला आलं, की सर्व्हर बंद पडला वाटतं. कुशाभाऊ खुलासा करणार होते, पण वेणूताईंनी आतून सांगितलं, की हो, बंद पडला.

मुंगसाने हळहळ व्यक्त केली. त्यानंतर कोणी आलं नाही.

वेणूताई शांत झोपतात. कुशाभाऊंच्या अंगात आता फक्त स्वतःचेच काटे आहेत.

तात्पर्य: घरासाठी यंत्र घ्यावं तर ते लहान, थंड आणि मुकं असावं. लोकांसाठी घ्यावं तर आधी रातकिडा घ्यावा. दोन्ही जमत नसेल, तर यंत्र राहू द्यावं.